त्राओरेची शिवी जाराला लागत नाही

सिरिमान त्राओरेने शिव्यांचं गाणं सकाळीच मोबाइलवरून सोडलं आणि बामाको शहरात आता कशी आग लागते ते बघायला दारात खुर्ची टाकून बसला. त्याने दोन वर्षं घासून बांधलेलं धृपद बाकोरोबा जारा नावाच्या रॅपरने सरळ उचललं होतं आणि शनिवारी भर स्टेडियममध्ये तो ते आपलं म्हणून गाणार होता.

दुपारी आत्या आली. हसून हसून तिचे डोळे वाहत होते. "काय धुतलंस रे त्या जाराला! चवळीखाऊ चोर! अख्खा बाजार ऐकतोय."

"आत्या, तो खरंच चोर आहे."

"सगळेच जारा चोर!"

घोडं इथंच पेंड खात होतं. त्राओरे आणि जारा ही थट्टेची भावकी. पणज्यापासून एकमेकांना चवळीखाऊ, चोर, गुलाम अशा शिव्या घालायच्या आणि रागवायचं नाही, असा रिवाज. रागाच्या भरात सिरिमान स्वतःचं आडनावच विसरला होता.

त्याने दुसरं गाणं सोडलं, 'ही थट्टा नाही'. शहर हसून लोळलं. संध्याकाळी बाकोरोबाची आईच कोंबडा घेऊन दारात हजर. "माझ्या पोराला इतक्या मायेनं कुणी शिव्या दिल्या नव्हत्या रे!"

"मावशी, त्यानं माझं गाणं ढापलंय."

"ढापणारच. गुलामाचं ते मालकाचंच की!" म्हणत तिने त्याचा गालगुच्चा घेतला.

शनिवारी सिरिमान थेट स्टेजकडे निघाला. रखवालदारांनी आडनाव विचारलं आणि हसत वाट दिली. त्याने बाकोरोबाच्या हातातला माइक हिसकावला. "हे धृपद माझं आहे! यानं चोरलंय!"

स्टेडियम खदखदून हसलं.

बाकोरोबा काही वाईट माणूस नव्हता. चांगलं धृपद दिसलं, मोह झाला, इतकंच. त्याचा चेहरा उतरला. माइक घेऊन तो खालमानेने म्हणाला, "खरंय. मी चोरलं. सिरिमान, माफ कर गड्या."

लोक बाकांवर चढले. "वा रे जारा! काय उत्तर दिलंस!"

"अहो, आईशप्पथ चोरलंय!" बाकोरोबा कळवळून ओरडला. टाळ्या थांबेनात.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी बाकोरोबाने माइक पुढे केला. "तुझं आहे, तूच म्हण. मी मागं उभा राहतो."

सिरिमान जीव ओतून गायला. वीस हजार माणसं त्याच्याबरोबर गायली, तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याला चक्क रडू आलं.

घरी आत्या वाटच बघत होती. तिने त्याची दृष्ट काढली. "काही म्हण, पण जाराचं गाणं त्याच्यापेक्षा तूच बरं म्हटलंस हो!"