कॅसेटचे दात

तायडेभाऊंच्या हाती नवी कॅसेट द्यायची सोय नव्हती. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन बारक्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की टेपचं लाल बटण दाबलं जात नाही, म्हणजे आत भरलेलं पुसलं जायची भीती उरत नाही. तायडेभाऊ त्यांना दात म्हणत आणि दिसतील तिथे नखाने पाडत. आमच्याकडच्या मालेगावच्या बाजारात एका दुकानदाराने कौतुकाने दाखवलेल्या चार कॅसेटचे दात त्यांनी बोलता बोलता पाडून टाकले. त्या कोऱ्या होत्या.

"आता यात भरू काय, माहं कपाय?" दुकानदार ओरडला.

"कागद चिकटवा, भरते," तायडेभाऊ शांतपणे म्हणाले. "पन भरल्यावर आठोनीनं काढजा."

ते आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांच्याकडे छत्र्या दोन, चष्मे दोन. रजेचा अर्जसुद्धा कार्बन घालून लिहीत, एक हेडमास्तरांना, एक स्वतःला. "एकाचं दोन झालं का जीव गार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिशात हातभर वायर असायची, दोन्ही टोकांना पिन लावलेली. सत्तरचं दशक सरत आलं होतं, गावात टेपरेकॉर्डर बोटांवर मोजण्याइतके. कोणाकडे नवा आला की संध्याकाळपर्यंत तायडेभाऊ स्वतःचा टेप सायकलच्या कॅरिअरला बांधून दारात हजर. "जोडायचं का?" दोन टेप त्या वायरने जोडायचे आणि एका कॅसेटमधलं दुसरीत उतरवायचं, यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

माझ्या मेव्हण्याने नागपूरहून मला टेप आणून दिला. आमच्या तीन वर्षांच्या मीराचं बोबडं बोलणं मी भरून घेतलं. एक प्रत मामाला पाठवायची, एक घरी ठेवायची. रविवारी दुपारी तायडेभाऊ आले.

वायर जोडली. मग चौकशी सुरू झाली.

"मास्तर, पोरीचा आवाज कोनच्या मशीनीत हाये?"

"माझ्या."

"लाल बटन कोनच्या मशीनले दाबाचं?"

"तुमच्या."

हे तीनदा. तिसऱ्यांदा मी वैतागलो. "अहो तायडेभाऊ, पोरगी इथेच खेळतेय. चुकलं तर पुन्हा बोलेल!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "असंच वाटते, मास्तर," एवढंच म्हणाले आणि काम उरकलं.

चहा झाल्यावर मात्र त्यांनी पिशवीतून धडप्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. दात अर्थातच पाडलेले.

"आमच्या बानं यात पुरी बाजू सांगतली होती. दीक्षेले नागपूरले कसा गेला, संग कोन होतं, मायनं काय बांधून देलं. भाऊ म्हने, मलेबी पायजे. म्हनून दोन मशीनी जोडल्या अन् लाल बटन बाच्या मशीनीले दाबलं. वायर लावली का भोंगा बंद, काही ऐकू येत नाही. मी बसलो बिड्या ओढत. ध्यानात आलं तवा सारं पुसून गेलतं."

"मग?"

"बा हासला. म्हने, अबे मी हावो ना, पुना सांगतो. कापूस घरात येऊ दे." त्यांनी कॅसेटवरून धडपा फिरवला. "कापूस आला. बा नाही राह्यला."

मघाच्या माझ्या वाक्याची मला मनापासून लाज वाटली.

"शेवटचं बोटभर वाचलं. त्याचं दोन करून द्या. तुमी दाबा, मास्तर. माह्या बोटाचा मले भरोसा नाही."

गावभर एकाचे दोन करणाऱ्या माणसाची स्वतःची एकच होती. दात पाडलेले असल्यामुळे आता ती पुसली जाणं शक्यच नव्हतं. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याहून जास्त. तरी त्यांचा हात पुढे येत नव्हता.

त्यांनी कोरी कॅसेट दिली. तायडेभाऊंच्या स्वतःच्या कॅसेटला दात असलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"बा कोनच्या मशीनीत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तुमच्या."

"लाल बटन?"

"माह्या."

मी तीनदा विचारलं. मगच दाबलं. मिनिटभर दोन्ही टेपच्या चक्र्या आवाज न करता फिरत राहिल्या आणि आम्ही दोघं नुसते बघत बसलो.

मग वायर काढून नवी कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. आणि एकाएकी एक जाडाभरडा, प्रेमळ आवाज आला, "झालं का रे? बंद कर आता. सेल जातीन."

"हाओ, बा," म्हणत तायडेभाऊंनी झटकन टेप बंद केला.

त्या दिवशी दात पाडायचं त्यांना सुचलं नाही. मग ते मीच पाडले.