सांत्रत्यांद्रे

बायकोचा फ्रेंचचा सराव घ्यायचं मी ठरवलं. (मला फ्रेंच येत नाही. पण न येणारी गोष्ट शिकवायला नवरे कधी लाजलेत?) तिच्या ऑफिसात परदेशी शाखेची मोठी जागा निघाली होती आणि त्यासाठी घरूनच, कॉम्प्युटरवर तोंडी परीक्षा होती. बाकी भाषा तिला झकास यायची, फक्त लांबलचक क्रियापद आलं की मध्येच धाप लागायची.

"तुकडे पाड," मी म्हणालो. "एकेका तुकड्याला मी टेबलावर टकटक करतो."

"सां-त्र-त्यां-द्रे."

"चारच? पुस्तकात तर अर्धी ओळ आहे."

"शेवटच्या पाच अक्षरांचा मिळून नुसता 'ए' होतो. बाकीची गप्प बसतात. शिका जरा त्यांच्याकडून."

मी जन्माचा कारकून. कामावर असून काम न करणारी अक्षरं मला बघवेनात. (ऑफिसात माणसं चालतात.)

आठवड्याभरात तिची जीभ सुटली, पण भलतीच खोड लागली. टकटक झाल्याशिवाय तोंडच उघडेना. तेव्हा परीक्षेच्या दिवशी मी टेबलाखाली शिरलो. पुढे श्रेय मागायला आपण हजर असलेलं बरं.

सुरुवात छान झाली. मग नेमकं तेच क्रियापद आलं. मी चार ठोके दिले आणि कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, त्या गप्प बसलेल्यांचेही देऊन टाकले. बायको अडकली. हिची जागा माझ्या पायी गेली, असं वाटलं. क्षमा मागायला म्हणून उठलो, तर डोकं टेबलावर आपटलं.

परीक्षक बाईंनी काहीतरी विचारलं. बायकोने माझ्या मानेवर पाय ठेवला, शांतपणे एक वाक्य म्हटलं आणि ठोक्याबिक्यांशिवाय ते अख्खं क्रियापद घडाघडा म्हणून मोकळी झाली. बाई खूप हसल्या. पासही केलं.

"तू काय सांगितलंस त्यांना?" मी टेंगूळ चोळत विचारलं.

"कुत्रा आहे म्हटलं. म्हातारा झालाय, एकटा ठेवला की रडतो."

"आणि त्या का हसल्या?"

"म्हणाल्या, आमचाही तसाच. रिटायर झाल्यापासून तर घराबाहेर जातच नाही."