लामिसाबाबांना काही कळलं नाही

"जगात अस्सल मारका फक्त आपल्या सिनिकोरोत बोलतात. नूनाकडचे बोलतात तो घशाचा आजार आहे," असं लामिसा सेरेमे यांनी कडुनिंबाखाली जाहीर केलं. हे वाक्य पुरं करताना त्यांना दोनदा खोकावं लागलं.

गावातला सगळ्यांत वयस्क माणूस एकदा बोलला की सिनिकोरोत त्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. त्यामुळे जमलेल्या तीस पुरुषांना त्या क्षणापासून नूनाकडची बोली कळेनाशी झाली. कालच्याच बाजारात त्यांनी त्या बोलीत तासभर घासाघीस केली होती. पण तो काल झाला.

निमित्त होतं आजारा ड्राबोचं. देदुगूहून आलेली ही मुलगी रेकॉर्डरवर नूनाकडच्या माणसानं सांगितलेली एक गोष्ट ऐकवायची, मध्येच थांबवून प्रश्न विचारायची आणि कुणाला किती कळलं ते लिहून घ्यायची. त्यावरून मारका लिहा-वाचायला शिकवणारं पुस्तक कुठे चालेल ते ठरणार होतं. लामिसांची बायको कोरोतिमी त्या पुस्तकावर भरणाऱ्या वर्गाकडे डोळे लावून बसली होती. फोनवर येणारे लेकीचे निरोप तिला शिक्षकाकडून वाचून घ्यावे लागत, आणि लेकीची सासू कशी आहे हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

लामिसांचा बेत सरळ होता. कळत नाही म्हटलं की पुस्तक आपल्या बोलीत येईल.

गोष्ट सुरू झाली. एक जावई कोंबडा घेऊन सासुरवाडीला निघाला. कोंबडा सुटला. जावई मागे धावला.

"कोण कुठे निघालंय, बाबा?" आजारानं विचारलं.

"अवाक्षर कळलं नाही."

"तुम्हाला, काका?"

"बाबांना नाही कळलं, तर मला कसं कळेल?"

कोंबडा सासूच्या छपरावर चढला. पाठोपाठ जावईही. एकाला अचानक ठसका लागला. दुसरा नसलेल्या शेळ्या हाकलायला उठला.

"जावयानं काय धरलंय?"

"आम्हाला काय ठाऊक, शेपूट धरलंय की पाय!" लामिसा ठणकावून म्हणाले.

आजारानं त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदावर शून्य लिहिलं. इतक्यात मातीचं छप्पर खचलं, जावयाचा एक पाय खाली सासूच्या स्वयंपाकघरात लोंबकळू लागला, आणि आजारानं रेकॉर्डर बंद केला.

"का गं थांबवलंस?" लामिसांनी विचारलं.

"कळतच नाही तर पुढे कशाला? पुस्तक एकच निघणार आहे, बाबा, नूनाकडच्या बोलीत. ज्या गावांना ती कळते, तिथेच वर्ग. तुमच्यासाठी वेगळं पुस्तक व्हायला दहा वर्षं तरी लागतील."

मागून कोरोतिमीचा आवाज आला, "दहा वर्षं? अहो, तोवर मी राहीन का तुम्ही? शेजारच्या गावातल्या बायका वाचतील, आणि मी लेकीचं दुःख मास्तरच्या तोंडून ऐकू?"

लामिसा अडकले. शब्द फिरवावा तर तीस माणसं समोर. न फिरवावा तर घरी जेवायला जायचं होतं.

आजारानं सामान आवरलं. "येते बाबा. वाट द्या."

यजमानानं वाट, म्हणजे निघायची परवानगी, दिल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नसतं. लामिसांनी दाढी कुरवाळली. आभाळाकडे पाहिलं. बायकोकडे पाहायचं टाळलं.

"देतो की. पण आधी त्याचा पाय तरी निघू दे," ते हळूच म्हणाले. "आणि आवाज जरा मोठा कर, पोरी. मागच्यांना नीट ऐकू येत नव्हतं."