मल्हारीचा घरगुती धर्म

माणसानं देव आयता घेऊ नये, घरी बनवावा! आपल्या मल्हारीनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याची तीन पुस्तकं निम्मी निम्मी वाचून झाली होती. वाचनालयाची मुदत सात दिवसांची आणि चिकलठाण्याच्या कारखान्यातली पाळी बारा तासांची, मग पुस्तक पुरं व्हावं कसं? पहिल्यात होतं, दगड-धोंडा, झाड-झुडूप सगळा देवच. दुसऱ्यात मनाचं तळघर आणि तिथं दडून बसलेली भीती. तिसऱ्यात, माणूस आधी नुसताच जन्मतो, पुढचं तो स्वतः निवडतो आणि जबाबदारीही त्याचीच. मल्हारीनं दुधात भाकरी कुस्करावी तशी तिन्ही अर्धुकं कालवली आणि उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत नवा धर्म स्थापन झाला. अनुयायी एकच, तो स्वतः.

प्रचाराला मात्र तोटा नव्हता. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, नाक्यानाक्यावर पोलीस होते. जेवणाच्या सुट्टीत मल्हारी म्हणाला, "सगळं एकच हाय, तर नावात काय ठिवलंय?" शेजारच्या यंत्रावरच्या, दर मोर्च्याला जाणाऱ्या फकिरानं डबा झाकला. "ज्याचं नाव कधी कुणी पुसलं नाय ना, त्यालाच असं सुचतं!" याचं उत्तर बहुतेक पुस्तकाच्या उरलेल्या अर्ध्यात असावं.

आणि अशात त्याला मुलगा झाला! आनंद तर झालाच, पण घरात कुणी मोठ्यानं हसेना. याच्या आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. बायको द्वारकाबाई बाळाला छातीवरून खाली ठेवत नव्हती. सिल्लोडकडच्या गावाहून मेंढरं भावकीवर सोपवून आलेली आई, बानाबाई, हिचा तर निर्णय आधीच झालेला होता.

"बाराव्या दिवशी पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठिवायचं. शेजारणीनं उचलायचं. आपण मूठभर जवारी देऊन इकत घ्यायचं. अन् नाव ठिवायचं कचरू. टाकाऊ माल म्हणून यम त्याच्याकडं बघायचा नाय."

"आये, मी नाव काढलंय. विश्वरूप!"

"ह्या नावानं हाक मारूस्तोवर पोरगं पळून जाईल," बानाबाई म्हणाली. "अन् यमाला तर ते लांबूनच दिसंल!"

मल्हारीनं रात्रभर धर्म पिंजला आणि सकाळी तोड काढली. उकिरड्यातही देव आहेच, मग अडचण कसली? आईच्या तळघरातल्या भीतीला वाट मिळेल. आणि हे तो रूढी म्हणून करणार नाही, तर स्वतः निवडून! नाव मात्र विश्वरूपच. हे सगळं त्यानं आईला नीट समजावून सांगितलं.

"लई बोलतो," बानाबाई म्हणाली. "सूप धर."

उचलायचं काम शेजारच्या मालनबाईकडं होतं. ती मागच्या बोळातून येणार होती. रीत अशी, की बापानं सूप ठेवायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. मल्हारीनं सूप ठेवलं, मनातल्या मनात उकिरड्याला हात जोडले आणि सरळ घरी आला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग मालनबाई आली, हात रिकामे आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"अवं, नळाला अचानक पाणी आलं! दोन हंडे भरून गेले, तर तिथं काहीच नाय. तुमीच माघारी आणलं ना पोराला?"

"आमी कुठं आणलं?"

"मग?"

द्वारकाबाईनं फोडलेली किंकाळी पार चौकापर्यंत गेली. मल्हारी अनवाणी धावला, मागं उंबऱ्यावर तयार ठेवलेलं ज्वारीचं भांडं घेऊन मालनबाई. उकिरड्याशेजारी भंगार निवडणाऱ्या बाईनं हात केला, "पोलिसानं नेलं, चौकीवर!"

चौकीत पिकल्या मिशांचा एक हवालदार मांडीवर बाळ घेऊन बसला होता. बाळ त्याच्या शिट्टीची दोरी चोखत होतं.

"साहेब, माझं पोरगं!"

"तुझंच कशावरून?"

आता इथं गप बसावं की नाही? पण दोन महिने जिभेला लागलेलं वळण! "साहेब, खरं बघितलं तर माझं-तुझं असं काही नसतंच..."

"मग राहू दे इथंच! उकिरड्यावर कुणी टाकलं?"

"टाकलं नाय साहेब. मी विचार करून निवड केली."

"म्हंजे जाणूनबुजून." हवालदारानं लिहून घेतलं.

"तसं नाय! पण जबाबदारी पुरी माझी हाय."

"ते बी लिवतो. अन् ह्यो उकिरडा..."

"देवच हाय साहेब तो!"

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि मल्हारीच्या तोंडाचा वास घेतला. "दारू तर नाय प्यालेला. मग पोरगं मोठ्या साहेबापुढं न्यावं लागंल. तवर अनाथालयात ठिवू."

अनाथालय म्हणताच मल्हारीचा धर्म गळून पडला. त्यानं टेबलाची कड धरली आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "साहेब, दोन गेली माझी. एक अकराव्या दिवशी, एक विसाव्या. आयनं सांगितलं म्हणून ठिवलं हो! सगळ्यांत देव असंल नायतर नसंल, मला एवढं एकच द्या!"

तेवढ्यात धापा टाकत मालनबाई पोचली. तिनं भांडं टेबलावर आदळलं. "ही बघा, इकत घ्यायची जवारी! उचलणारी मी व्हते, पण मेलं पाणी आलं!"

हवालदारानं चिमूटभर ज्वारी तळहातावर घेऊन बघितली. मग त्यानं लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला.

"पोराचं नाव सांग. पोच लिवून देतो."

मल्हारीनं विश्वरूप म्हणायला तोंड उघडलं. बाळानं त्याच वेळी जांभई दिली. केवढंसं ते तोंड! केवढंसं ते पोर!

"कचरू," मल्हारी म्हणाला. "कचरू लिवा साहेब."

हवालदारानं मान वर केली. "माझं नाव कुणी सांगितलं तुला?"

मल्हारीनं एकदा बाळाकडं बघितलं, एकदा हवालदाराकडं.

"माझ्या आयची पाच गेली. सहावा मी. तिनं मला बी असंच उकिरड्यावर लोळवलं." त्यानं मूठभर ज्वारी घेतली, रुमालात बांधली आणि बाळ मल्हारीच्या हातांत दिलं. "उचललं मी, म्हंजे इकणारा बी मीच. घे, सौदा झाला. यमाला ह्ये पोरगं दिसायचं नाय, माझ्याकडं बघ, पंचावन्न वर्षं झाली."

मल्हारीनं त्याचे पाय धरले.

"ऊठ, ऊठ! फकस्त एक सांगून ठिवतो," हवालदार हळूच म्हणाला. "ह्याला सरकारी नोकरीत घालू नको. तीस वर्षं झाली, बढतीच्या यादीत साहेबाला बी मी दिसलो नाय!"