तीन तटांच्या कोटाची बखर

श्रीआदिमाया प्रसन्न. ऐकणारांचे पोटास आराम असो. शके १७०४, शुभकृत नाम संवत्सरी, एका मनुष्याचे आतड्यात जंतांचे राज्य नांदत होते, त्याची हकिकत येणेप्रमाणे. राज्याची धनीण सुभानाबाई आऊसाहेब, वीतभर लांब, अंगाने गोऱ्या आणि जिभेने तिखट. यजमान वाकोजीराव शेपटाने वाकडे, परंतु वागण्यास सरळ. आऊसाहेब रोज दोन लक्ष कोट बांधीत, म्हणजे अंडीच, आणि एकेक कोट एवढा बारीक की मोहरीचे दाण्यात हजार मावावेत. आतला तट मेणाचा, की विष शिरू नये. मधला जाड, काचेसारखा, की चिरडू नये. आणि बाहेरचा फणसाचे सालीसारखा खडबडीत, पित्ताने पिवळा रंगविलेला, की मातीस चिकटून राहावे. आत एक वारस. त्यास हुकूम एकच: "मातीत वर्षे जावोत, नव्या पोटात पोचल्याविना दार उघडाल तर याद राखा!"

मग मनुष्याने वावडिंगाचा काढा घेतला आणि वर एरंडेल. मोठा पूर जाहला. त्यात वाकोजीराव वाहून गेले आणि पुरुष म्हणून औषधालाही उरला नाही. आऊसाहेब भिंतीस अंग रेटून राहिल्या आणि तिसरे प्रहरी पुन्हा बांधकामास लागल्या. मग काही काळ लोटला आणि धाकटी जाऊ धारूबाई, जिच्याकडे कोटांची पाहणी, ती येऊन उभी राहिली.

"आऊसाहेब, कोट लांबट येतात. तट पातळ. आत वारस नाही, नुसता चुरा."

"तुझे डोळे फुटले असतील."

"डोळे आपल्या कुळात कोणास आहेत, जाऊबाई? चाचपून सांगते."

मग आऊसाहेबांनी स्वतः चाचपले. यजमानांची ठेव पोटात होती तोवर वारस होते, ती सरली. मग म्हणाल्या, "रंगात मात्र कसर नको. शेजारणी हसतील. आणि धारू, जुन्यांतला एखादा जिवंत असेल गं?"

"असेल तर मातीत. तिथून परत कोण आले सांगायला?"

पुढे दुसरा काढा आला आणि त्या पुरात दोघी जावा गेल्या. आऊसाहेब परसातल्या मुळ्याचे वाफ्यात पडल्या. वर ऊन, अंग सुकत चालले, आणि कुशीस एक जुना कोट लागला, गोल, खडबडीत. आत कोणी कूस बदलली.

"आत कोण?"

"वारस."

"दार उघड रे. मी आऊसाहेब. एकदा अंगाला अंग लागू दे."

"नवे पोट आले काय?"

"नाही, मुळ्याचा वाफा आहे."

"मग उघडायचा हुकूम नाही."

"अरे मेल्या, हुकूम माझाच!"

"तुमचा म्हणूनच मोडीत नाही."

मग आऊसाहेबांनी डोके आपटले, शेपूट आपटले, आणि तट तसूभर हलला नाही. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बांधावे तर असे." आणि तटास टेकून निवांत जाहल्या.

सारांश, चुऱ्याचे कोट मातीस मिळाले, आऊसाहेब उन्हात वाळल्या, आणि तो एक कोट वाफ्यात शाबूत आहे. वाचणारांनी मुळा धुऊन खावा. इति.