दोन बोटं केस आणि आगाऊ टीप

टीप किती आणि कधी द्यावी हे साऱ्या घरात आपल्यालाच कळतं, अशी थोरलीची खात्री होती. "काम झाल्यावर टीप देणारी माणसं अडाणी!" ती म्हणाली. "आधी द्यावी. मग कात्री कशी मायेने चालते बघा!"

बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. आज कशीबशी तयार झाली होती, तीही केसांची टोकं दोन बोटं कापून घ्यायला. वेणी बाबांची लाडकी. आज काही बिनसलं, तर आई पुन्हा आतून कडी लावून बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पार्लरवालीने आईला पडद्याआड खुर्चीत बसवलं आणि तिचा चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय आईला आरशात नुसतं धुकं दिसायचं. बाकीची वरात, म्हणजे थोरली, दादा आणि मावशी, बाहेरच्या बाकावर.

थोड्या वेळाने थोरली आत गेली, पार्लरवालीच्या हातात नोट कोंबली. "जरा नीट करा हं!"

बाहेर दादाने नाक मुरडलं. "एवढीच? तुझी मूठ उघडायला पाना लागतो की काय?"

थोरलीने डोळे फिरवले. बाबांच्या आजारपणात फळांऐवजी सल्ले घेऊन येणारा हा दानशूर! पाणी पिण्याच्या निमित्ताने तो आत गेला आणि त्याहून मोठी नोट सरकवली. "आणखी चांगलं करा. आमची आई आहे!"

मावशीचा दोघांवरही विश्वास नव्हता. "तुमच्या टिपेत तिचा चहा तरी होईल का?" असं म्हणत तीही पर्स छातीशी धरून आत घुसली. "अगदी झकास होऊ दे हो!"

आत कात्री सपासप चालू झाली.

"ऐका!" थोरली म्हणाली. "याला म्हणतात टीप!"

पडदा सरकला. आईचे केस कानाशी संपले होते. वेणी तीन हप्त्यांत फरशीवर पडली होती.

"अहो, हे काय केलंत!" थोरली ओरडली.

"मी केलं?" पार्लरवाली भडकली. "दोन बोटं कापून झाली, तर तुम्ही पैसे देऊन म्हणता नीट करा. मग हे आले, मग या! कापताना मध्येच कोणी पैसे वाढवले, की आम्ही समजतो अजून लहान हवेत. मी फुकटचं घेत नाही! बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, मुलं म्हणतील तसं."

आईने चष्मा लावला. ती बराच वेळ उघड्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"हलकं वाटतंय गं," ती म्हणाली. "ह्यांना आवडलं नसतं. पण विंचरायला ह्यांना कुठे लागत होतं?"

मग तिने पार्लरवालीकडे कौतुकाने पाहिलं. "हात चांगला आहे हो तुमचा. यांचे पैसे तर कापण्यातच गेले, टीप द्यायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नसेलच!" आणि तिने पर्स उघडली.

पार्लरवालीने कात्री उचलली.

"नको!" तिघं एकदम किंचाळली. बाबा गेल्यापासून त्यांचं हे पहिलंच एकमत.