फोनवरचं 'येतो'

वासूनाना फोनवरच्या मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला लाल पेन लावून आले आणि पूर्ण वेळ उभे राहिले. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "मुलाखत आसा रे, बसान देतत काय?" विचारणारी बाई पुण्यात आहे, तिला आपण दिसत नाही, हे सांगून उपयोग नव्हता.

खारेपाटणला माझं एसटीडी बूथ आणि इंटरनेटचं दुकान होतं, तेव्हाची, २००७ सालची ही गोष्ट. मुंबईच्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून नाना नुकतेच गावी परतले होते. त्यांची बायको, शालिनीकाकी, तेवढी वर्षं गावीच राहिल्या, एकट्या. नाना गणपतीला आणि शिमग्याला यायचे. लग्नपत्रिका हातात आली की नाना नवरानवरीच्या आधी वेलांट्या बघत. माझ्या पाटीवरचं 'सुविधा' त्यांनी स्वतः रंगाचा डबा आणून दुरुस्त केलं. मी आधी 'सूवीधा' लिहिलं होतं, हे नाइलाजाने सांगावं लागतं.

पुण्यातल्या एका प्रकाशकाला घरबसल्या मुद्रितं तपासणारा माणूस हवा होता. जाहिरात मीच दाखवली. नानांनी अर्जासोबत त्या जाहिरातीतल्या दोन चुकाही सुधारून पाठवल्या. मी डोक्याला हात लावला; पण पुण्याहून चाचणी आली. त्यांनी मुद्दाम वीस चुका घातल्या होत्या, नानांनी तेवीस काढल्या. म्हणून ही मुलाखत.

सगळं छान चाललं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, कामाची पद्धत कळायला आधी तीन महिने पुण्यात राहावं लागेल. नानांचा चेहरा पडला. नोकरी त्यांना मनापासून हवी होती, पण घरात बसूनच. तोंडावर नाही म्हणवेना. "घरी विचारतो," म्हणाले. फोन ठेवताना लोक 'ठेवतो' म्हणतात. नाना मात्र दारातून निघाल्यासारखे "बराय, येतो" म्हणाले.

चौथ्या दिवशी मेल आला. आपण येत आहात याचा आनंद वाटला, सोमवारी हजर व्हावं.

"नानानू, जावा," मी म्हटलं. "तीनच म्हयने."

नानांनी उत्तर सांगायला घेतलं, तेही शुद्ध मराठीत. येतो म्हणजे येत नाही. पद्धत पत्राने शिकवलीत तर शिकेन, घर मात्र सोडणार नाही. एवढं झाल्यावर त्यांचा आवाज उतरला.

"तीस वर्षां हिका एसटीच्या थांब्यार 'येतंय' सांगलंय आणि गेलंय. तिना त्या शब्दात कधी चूक काढूक नाय."

माझी बोटं चालूच होती, तेही टाइप केलं. नानांनी चष्मा सावरून पडद्यावर वाचलं.

"ह्यां खोड."

"चूक खंय आसा?"

"नाय. तरी खोड."

बरोबर असलेलं वाक्य नानांनी खोडायला लावलेलं मी तेवढं एकच पाहिलं.